स्टेरॉइडची गोळी, वाढते वजन आणि सकाळचा नाश्ता

‘गोळी सुरू झाली आणि अंगच भरलं’ हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. कुणाला दमा असतो, कुणाला आमवात, कुणाला ल्युपस, कुणाला त्वचेचा किंवा मूत्रपिंडाचा आजार. डॉक्टर प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट लिहून देतात. आठ-पंधरा दिवसांत दुखणे हलके होते, श्वास मोकळा होतो, बोटांची सूज उतरते. घरात सगळे शुक्र अदा करतात. आणि मग दोन-तीन महिन्यांत आरशात दुसराच चेहरा दिसू लागतो. गाल फुगलेले, पोट पुढे आलेले, मानेमागे मांस चढलेले. जुने कपडे अंगाला होत नाहीत आणि भूक तर अशी लागते की जेवून उठले तरी हात डब्याकडे जातो.

आम्ही डॉक्टर नाही. शाळेत शिकवतो. पण आमच्या घरात अम्मींना आमवात आहे आणि त्यांची गोळी गेली चार वर्षे कमी-जास्त प्रमाणात चालू आहे. या चार वर्षांत डॉक्टरांना विचारून, आहारतज्ज्ञांचे ऐकून आणि आमच्याच स्वयंपाकघरात करून पाहून जे हाती लागले, ते वाचक भगिनींपुढे ठेवत आहोत. विषय आहे सकाळच्या नाश्त्याचा. पण नाश्त्याआधी गोळीविषयी चार गोष्टी समजून घेणे जरुरीचे आहे, कारण या बाबतीत अर्धवट माहितीने जिवावर बेतू शकते.

ही गोळी म्हणजे काय?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. रक्तदाब टिकवणे, रक्तातील साखर सांभाळणे, आजारपणात किंवा धक्क्याच्या वेळी शरीराला तग धरायला लावणे ही त्याची कामे. स्टेरॉइडची गोळी म्हणजे याच संप्रेरकाचा औषधी भाऊ. व्यायामशाळेत काही तरुण दंड फुगवण्यासाठी जे घेतात ते स्टेरॉइड वेगळे. दोघांची गल्लत करू नये.

सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला हे औषध पहिल्यांदा दिले. काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. 1950 साली हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइखश्टाइन या तिघांना या शोधकार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण औषधाची दुसरी बाजूही डॉक्टरांना लवकरच दिसली. जास्त मात्रा, जास्त दिवस घेतली की चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे विरळ होतात. म्हणून आजचे डॉक्टर लागेल तेवढीच मात्रा, लागतील तेवढेच दिवस, या बेताने ही गोळी देतात.

वजन का वाढते?

याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती वेगवेगळी ओळखली तर उपायही सुचतो.

पहिले कारण भूक. हे औषध मेंदूतील भुकेची जाणीव वाढवते. त्यातही गोड, तळलेले, मऊ पाव-बिस्किटे यांची ओढ जास्त लागते. ही भूक औषधाची आहे. तिला हावरटपणा म्हणणे म्हणजे आजाऱ्यावर जुलूम आहे.

दुसरे कारण पाणी. शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवू लागते. सकाळी डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायांवर सूज, बोटातली अंगठी घट्ट. सुरुवातीच्या दिवसांत वाढलेल्या वजनात या पाण्याचा बराच वाटा असू शकतो.

तिसरे कारण साखर. यकृत जास्त साखर रक्तात सोडते आणि इन्शुलिनचे काम मंदावते. उरलेली साखर चरबी होऊन साठते आणि ती चरबी चेहरा, पोट, मानेमागे अशी जागा धरते.

चौथे कारण स्नायू. मांड्या आणि दंडांचे स्नायू झिजतात. जमिनीवरून किंवा खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे वजनाचा काटा वर जात असताना अंगातले बळ मात्र खाली येत असते. म्हणूनच या माणसाने उपाशी राहून वजन उतरवायला जाऊ नये. त्याला अन्न हवे, पण वेगळ्या धाटणीचे. प्रथिने जास्त, साखर आणि पिष्ट कमी, मीठ बेताचे.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका

आमच्या नात्यातल्या एका भगिनीची गोष्ट सांगतो, म्हणजे हे इतके ठासून का लिहितो ते कळेल. त्यांना दीड वर्षापासून गोळी चालू होती. मुलीचे लग्न ठरले. निकाहला महिना उरला तेव्हा त्यांनी कुणाला न सांगता गोळी थांबवली. लग्नघरात पाचव्या दिवसापासून त्यांना उलट्या, चक्कर, अंगात त्राण नाही. सगळ्यांना वाटले धावपळीचा थकवा आहे. धाकटी बहीण जवळ बसली आणि हळूच विचारले, ‘आपा, गोळी घेता ना?’ तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तोंड बघ माझं. लोक फोटो काढणार. हे तोंड घेऊन बसू?’ त्याच रात्री त्यांचा रक्तदाब इतका उतरला की दवाखान्यात दाखल करावे लागले. अल्लाहच्या कृपेने त्या वाचल्या, मुलीचा निकाहही झाला. पण डॉक्टरांनी सांगितले की आणखी एक दिवस गेला असता तर परिस्थिती हाताबाहेर गेली असती.

असे का होते? बाहेरून गोळी मिळत राहिली की आपल्या ग्रंथी काम करणे कमी करतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस गोळी घेतली असेल तर त्या जणू झोपी गेलेल्या असतात. गोळी एकाएकी थांबली की शरीरात ना बाहेरचे संप्रेरक, ना आतले. म्हणून डॉक्टर मात्रा पायरी-पायरीने उतरवतात आणि ग्रंथींना जागे व्हायला वेळ देतात.

चेहऱ्याची गोलाई बहुतेकांच्या बाबतीत मात्रा कमी झाल्यावर हळूहळू उतरते. त्याला काही महिने लागतात. तोवर आपल्या हातात काय आहे, तर ताट. आणि ताटाची सुरुवात होते सकाळी.

नाश्त्यापासूनच सुरुवात का?

एक तर ही गोळी बहुधा सकाळी, काहीतरी खाऊन घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर जळजळ होते, आणि सोबत अंगदुखीच्या गोळ्या चालू असतील तर पोटात व्रण होण्याची भीती वाढते. म्हणजे या रुग्णाला नाश्ता चुकवून चालत नाही.

दुसरे असे की सकाळी घेतलेल्या गोळीने साखर चढते ती बहुधा दुपारनंतर आणि संध्याकाळी. पहाटे उपाशीपोटी तपासली तर ती ठीकही दिसते आणि घरचे निश्चिंत होतात. गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची साखरही तपासून घ्यावी. सकाळीच पाव-साखरेचा मारा झाला तर त्यावर दुपारचा चढ येऊन बसतो. उलट सकाळी प्रथिने पोटात गेली तर पोट जास्त वेळ भरलेले राहते आणि अकरा वाजता बिस्किटाच्या डब्याकडे जाणारा हात थांबतो.

तिसरे, आपल्या घरांतला सगळ्यात कमजोर घास हाच असतो. दुपारी-रात्री सालन, दाळ, गोश्त, भाजी काहीतरी होते. सकाळी मात्र चहा-पाव, चहा-खारी, चहा-टोस्ट, चहा-पराठा. त्यातही घरची बाई सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर उभ्या-उभ्या मुलांनी उरवलेला पाव थंड चहात बुडवून खाते आणि गोळी गिळते. हे बदलायचे आहे.

जरा हिशेब मांडू

वर्गात फळ्यावर मांडतो तसा हिशेब मांडू. साधारण 40 ग्रॅम वजनाच्या एका पावात सुमारे 20 ग्रॅम कर्बोदके असतात. दोन पाव म्हणजे 40. चहाचे दोन कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चार चमचे. एका चमच्याला 5 ग्रॅम धरले तर 20. दुधातली 5 धरा. झाले 65 ग्रॅम. प्रथिने किती? जेमतेम 10 ग्रॅम.

आता दुसरे ताट. दोन अंड्यांची भुर्जी, तिच्यात मूठभर पालक किंवा मेथी, कांदा-टमाटा. ज्वारीची अर्धी भाकरी. दोन कप बिनसाखरेचा दुधाचा चहा. अंड्यांत कर्बोदके नसल्यासारखीच, जेमतेम 1 ग्रॅम. अर्ध्या भाकरीत सुमारे 20, भाजीत 4-5, दुधात 5. एकूण 30 च्या आसपास. प्रथिने मात्र 18 ग्रॅम. कर्बोदके निम्म्यावर आली आणि प्रथिने जवळजवळ दुप्पट झाली. खर्चही फार वाढला नाही. आकडे अंदाजाचे आहेत, पाव-भाकरीच्या आकाराप्रमाणे थोडे इकडे-तिकडे होतील. पण दिशा कळते.

इथे एक गैरसमज दूर करू. भाकरी म्हणजे कर्बोदके नाहीत असे अनेक भगिनींना वाटते. ज्वारी, बाजरी, नाचणी यांतही पिष्ट भरपूर असते. मैद्यापेक्षा त्यांत कोंडा जास्त, म्हणून त्या बऱ्या. पण दोन-तीन भाकऱ्या खाल्ल्या तर हिशेब तिथेच येतो. साबुदाण्यात तर पिष्टाशिवाय जवळपास काहीच नसते. पोहे आणि रव्याचा उपमाही याच रांगेत. ते पूर्ण सोडायचे नाहीत, पण ताटातली त्यांची जागा धन्याची नको, पाहुण्याची असावी.

आठवड्याचा नाश्ता

आमच्या घरात जे चालते आणि मुलेही आवडीने खातात, ते दिवसावारी लिहितो.

सोमवार : मेथी-अंडे. वर सांगितलेली भुर्जी. तेल दोन लहान चमचे पुरे. अंडे पूर्ण शिजू द्यावे. स्टेरॉइडमुळे शरीराची रोगाशी लढण्याची ताकद कमी होते, म्हणून अर्धे कच्चे अंडे, न उकळलेले दूध, कच्चट खिमा हे या रुग्णाला देऊ नये.

मंगळवार : मुगाचे पोळे. माणशी 50 ग्रॅम मूग किंवा सालीची मूगडाळ रात्री भिजत घालावी. सकाळी आले, हिरवी मिरची, जिरे घालून वाटावी. तव्यावर पातळ पोळे काढून आत 50 ग्रॅम कुस्करलेले पनीर आणि कोथिंबीर भरावी. डाळीतही कर्बोदके असतात, सुमारे 30 ग्रॅम धरा. पण सोबत 12 ग्रॅम प्रथिने डाळीची आणि 9 पनीरची, शिवाय कोंडा. पोट दुपारपर्यंत टिकते. त्यासोबत पाव किंवा चपाती घेऊ नये.

बुधवार : उकडलेली अंडी आणि दही-काकडी. शाळेच्या घाईचा दिवस. अंडी रात्रीच उकडून थंड जागी ठेवावीत. वाटीभर घरचे दही, त्यात किसलेली काकडी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चमचाभर भाजलेली जवस किंवा तीळ. साखर नाही. दही आणि तीळ यांतून कॅल्शियम मिळते. स्टेरॉइड हाडे पोखरते, म्हणून कॅल्शियमकडे लक्ष हवेच. त्याच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या विसरू नयेत.

गुरुवार : चिकन खिमा, पावाशिवाय. रात्रीच थोडा जास्त करून ठेवावा. सकाळी त्यात बारीक चिरलेला कोबी, फरसबी किंवा सिमला मिरची घालून परतावा. खिमा जितका, भाजी तितकीच. सोबत कांदा-टमाटा-काकडीचे कचुंबर आणि वर लिंबू. पावाची सवय सुटत नसेल तर पहिले पंधरा दिवस अर्धा पाव घ्यावा. सवय मोडायला वेळ लागतो.

शुक्रवार : मटकी किंवा काळ्या चण्यांची उसळ. मोड आणून, नीट शिजवून, वाटीभर. वर कच्चा कांदा, कोथिंबीर. फरसाण नाही, पाव नाही. सोबत एक उकडलेले अंडे.

शनिवार : कोकणाकडची थाळी. रत्नागिरी, रायगडकडच्या आपल्या घरांत सकाळी घावन किंवा तांदळाची भाकरी आणि रात्रीचे सालन असा नाश्ता असतो. तो बदलायची गरज नाही, फक्त प्रमाण उलटे करावे. तव्यावर थोड्या तेलात भाजलेला बांगडा किंवा दुसरा ताजा मासा मुख्य, अर्धी भाकरी किंवा एक घावन बाजूला. सुके बोंबील, सुकट मात्र या काळात जपून. त्यांत मीठ फार.

रविवार : घरातले पाया किंवा निहारी मागतात. आजाऱ्याला तोडून टाकू नये. वाटीभर पाया, वरचे तेल चमच्याने काढून, भरपूर लिंबू आणि कचुंबर. नान-रोटीचा चौथा हिस्सा. निहारीचा रस्सा दाट करायला आटा लावतात हे लक्षात ठेवावे आणि वाटी लहान घ्यावी. मराठवाड्यात सकाळी खिचडी-खिमा करतात; तिथे खिम्याची वाटी मोठी आणि खिचडी दोन मोठे चमचे, असा बेत ठेवावा.

चहाबद्दल वेगळे सांगायला हवे. आपल्याकडे साखर कमी करायची म्हटले की लोक रुसतात. आम्ही घरात एकदम बंद केली नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला. महिन्याभरात जीभ सरावली. वेलची, सुंठ, गवती चहा यांनी चव येते.

मिठाचा वाटा

साखर कमी केली आणि मीठ तसेच राहिले तर सूज हटत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे साधारण एक सपाट लहान चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या पदार्थांत मिळून. एका लोणच्याच्या फोडीत आणि दोन पापडांत यातला बराच भाग संपतो. खारी, टोस्ट, फरसाण, वेफर, सॉस, बाजारचे तयार मसाल्याचे पाकीट, नूडल्स यांत लपलेले मीठ असते. लिंबू, कोकम, पुदिना, भाजलेले जिरे, लसूण यांनी चव भरून काढता येते. सैंधव मीठही मीठच आहे. ‘मिठाला पर्याय’ म्हणून जे विकले जाते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या किंवा काही रक्तदाबाच्या रुग्णांना ते घातक ठरू शकते. विचारल्याशिवाय आणू नये.

फसवणाऱ्या गोष्टी

‘शुगर फ्री’ लिहिलेले बिस्किट मैद्याचेच असते. गूळ आणि मध यांना आपण औषध मानतो, पण रक्तात गेल्यावर त्यांची साखरच होते. खजूर ही मोठी नेमत आहे, त्यात शंका नाही. तरी एका लहान खजुरात 5-6 ग्रॅम कर्बोदके असतात. एक खाल्ला तर बरकत, दहा खाल्ले तर साखर. फळाचा रस काढला की कोंडा जातो आणि साखर राहते, म्हणून पेरू, पपई, सफरचंद चावून खावे. बदाम, शेंगदाणे, मलाई, तूप यांत कर्बोदके कमी असली तरी उष्मांक भरपूर असतात. शेंगदाणे-बदाम मूठभर, तेही न तळता.

सगळ्यात मोठी फसवणूक वेगळीच. सांधेदुखीवर किंवा दम्यावर ‘जडीबुटी’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत आणि गोळ्यांत कधी कधी स्टेरॉइडच मिसळलेले असते. दोन दिवसांत जादूसारखा गुण, दोन महिन्यांत गोल चेहरा. अशी पुडी चालू असेल तर तीही एकदम न थांबवता ती घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि खरे सांगावे.

आधी डॉक्टरांना विचारा

हा नाश्ता सर्वांनाच जसाच्या तसा चालेल असे नाही. ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी कर्बोदके कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगावे. खाणे कमी आणि औषध तेवढेच राहिले तर साखर धोक्याच्या खाली उतरू शकते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांवर असताना कर्बोदके फार तोडली तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने किती हे डॉक्टरच ठरवतील. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या मातांनीही विचारावे.

आणि हा लेख मुलांसाठी नाही. लघवीतून प्रथिने जाण्याच्या आजारात लहान मुलांना अनेकदा स्टेरॉइड द्यावे लागते. त्यांचे अंग वाढीचे असते. त्यांच्या ताटातले काही तोडायचे असेल तर ते बालरोगतज्ज्ञांनीच सांगावे. शिक्षक म्हणून एवढे सांगतो की असे मूल महिन्याभराने वर्गात परतते तेव्हा त्याचा फुगलेला चेहरा पाहून इतर मुले हसतात. पालकांनी वर्गशिक्षकांना आधीच चिठ्ठी द्यावी. मूल येण्याच्या आदल्या दिवशी वर्गाला चार वाक्यांत समजावले तर मुले समजून घेतात. मोठ्या माणसांपेक्षा लवकर घेतात.

रमजानमध्ये

रमजानमध्ये नाश्त्याची जागा सेहरी घेते आणि गोळीची वेळ सरकते. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची सवलत दिलेली आहे. ती सवलत घेणे म्हणजे ईमान कमी असणे नव्हे. ज्यांचा रोजा डॉक्टरांच्या सल्ल्याने होऊ शकतो त्यांनी रमजानच्या महिनाभर आधीच भेटून गोळीची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यावी. आपल्या मनाने सेहरीची गोळी इफ्तारला करू नये. सेहरीला दूध-फेणी, खजला, गोड पराठे यांऐवजी अंडे, दही, मुगाचे पोळे, थोडी भाकरी आणि भरपूर पाणी. इफ्तारला खजूर एक, मग पाणी, फळांच्या फोडी, चण्याची चाट, भजी-समोसे चाखण्यापुरते. रोजात उलटी, चक्कर, फार अशक्तपणा जाणवला तर रोजा सोडून लगेच डॉक्टरांकडे जावे.

घरच्यांनी काय करावे?

आमचा अनुभव असा की एकट्या आजाऱ्यासाठी वेगळे ताट मांडले तर ते आठ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. बाकीचे खिमा-पाव खाणार आणि अम्मींपुढे काकडीची प्लेट, हे परहेज नव्हे, शिक्षा वाटते. म्हणून नाश्ता सगळ्यांचा एकच असावा. ज्याला पाव हवा त्याने वरून घ्यावा. बिस्किटाचा डबा वरच्या फळीवर ठेवावा आणि हाताशी भाजलेले चणे, उकडलेली अंडी, कापलेली काकडी असावी. गोळीची भूक संध्याकाळी पुन्हा उसळते, तेव्हा हाताला लागेल तेच तोंडात जाते.

नाश्त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसून-उठून पाहावे, आधी पाच वेळा, मग दहा. स्नायू टिकतात. वजन आठवड्यातून एकदाच करावे, त्याच वेळी, त्याच काट्यावर. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायांवर सूज आली किंवा धाप लागली तर ते चरबीचे नाही, पाण्याचे असू शकते; डॉक्टरांना लगेच कळवावे. पर्समध्ये किंवा खिशात एक चिठ्ठी असावी : औषधाचे नाव, मात्रा, कधीपासून चालू आहे. अपघात झाला किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली तर ती चिठ्ठी जीव वाचवू शकते.

आणि जीभ आवरावी, ही आजाऱ्याला नव्हे, इतरांना विनंती. शादीत, दावतीत भेटल्यावर ‘किती जाड झालीस गं’ म्हणणे आपल्याला सलाम करण्याइतके सहज वाटते. समोरची बाई घरी जाऊन गोळीचे पाकीट कचऱ्यात टाकू शकते. त्याऐवजी ‘दुखणं कसं आहे आता?’ असे विचारावे. अम्मींचे वजन या चार वर्षांत गोळी वाढली तेव्हा वाढले आणि कमी झाली तेव्हा थोडे उतरले. काटा काही जुन्या जागी गेला नाही. पण त्यांची दुपारची साखर आटोक्यात आहे, पायांची सूज कमी आहे, आणि त्या जमिनीवरून आपल्या आपण उठतात. आम्हाला एवढे पुष्कळ आहे. सर्व आजाऱ्यांना अल्लाह शिफा देवो, आणि त्यांच्यासाठी पहाटे चूल पेटवणाऱ्या हातांना बळ देवो.